संकेतस्थळावर माहिती साठविताना उद्भवणाऱ्या परवानगी-त्रुटी : कारणमीमांसा व निराकरण

सारांश

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील अभिप्राय अर्ज, नोंदणी अर्ज, गृहपाठ सादर करण्याची सोय अशा सुविधांमागे एखादी छोटी आज्ञावली कार्यरत असते. भरलेली माहिती सर्व्हरवरील फाईलमध्ये लिहिताना या आज्ञावलीस अनेकदा परवानगी नाकारली जाते. प्रस्तुत लेखात लिनक्स प्रणालीतील परवानगी-व्यवस्थेचे स्वरूप, त्रुटीची कारणे, ती शोधण्याचा क्रम आणि तिचे सुरक्षित निराकरण यांचे विवेचन करण्यात आले आहे. त्रुटी दिसताच सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकण्याची रूढ पद्धत सदोष असून, ‘कोण लिहीत आहे, कोठे लिहीत आहे आणि त्यास किती अधिकार पुरेसा आहे’ या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच योग्य उपाय सापडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वेब सर्व्हर, फाईल-परवानगी, मालक व गट, किमान अधिकार, माहितीची सुरक्षितता.

प्रस्तावना

एका महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या अभिप्रायासाठी संकेतस्थळावर अर्ज ठेवला आहे, असे समजू. विद्यार्थी अर्ज भरतो, कळ दाबतो आणि पडद्यावर ‘धन्यवाद, आपला अभिप्राय नोंदविण्यात आला आहे’ असे वाक्य उमटते. सत्राअखेरीस विभागप्रमुख फाईल उघडून पाहतात, तर ती रिकामी असते. शोध घेता असे आढळते, की पीएचपी भाषेतील आज्ञावलीस फाईलमध्ये लिहिण्याची परवानगीच नव्हती. प्रत्येक वेळी लिहिणे अयशस्वी ठरले, परंतु आज्ञावलीने त्याची दखल न घेता आभाराचे वाक्य मात्र दाखविले. गेलेले अभिप्राय पुन्हा मिळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील यंत्रणा वास्तव आहे. परवानगीची त्रुटी ही तांत्रिकदृष्ट्या किरकोळ वाटते. परंतु तिच्या एका टोकास माहिती नकळत गमावण्याचा धोका असतो, तर दुसऱ्या टोकास घाईघाईने केलेल्या उपायामुळे संपूर्ण संकेतस्थळ उघडे पडण्याचा. संगणकशास्त्र विभागाबाहेरील प्राध्यापकांवरही आज संकेतस्थळ समितीची जबाबदारी येते. त्यामुळे या त्रुटीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

परवानगी-व्यवस्थेची पार्श्वभूमी

बहुसंख्य वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सने ही व्यवस्था युनिक्सकडून घेतली आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सच्या निर्मितीस प्रारंभ केला. एकच संगणक अनेकजण वापरीत असल्याने एकाच्या फाईलला दुसऱ्याचा धक्का लागू नये, ही गरज होती. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा आढळते. प्रारंभी केवळ मालक आणि मालकेतर असे दोनच वर्ग होते. गटाची पातळी पुढे जोडली गेली.

या व्यवस्थेमागील विचार जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांच्या १९७५ च्या सुप्रसिद्ध शोधनिबंधात सूत्ररूपाने मांडला गेला. प्रत्येक आज्ञावलीस व प्रत्येक वापरकर्त्यास आपले काम पार पाडण्यापुरताच किमान अधिकार असावा, असे ‘किमान अधिकाराचे तत्त्व’ त्यात सांगितले आहे. प्रस्तुत विषयाचे सर्व सार या एका तत्त्वात आहे.

व्यवस्थेचे मूलभूत स्वरूप

लिनक्समधील प्रत्येक फाईलला एक मालक व एक गट असतो. मालक, गट आणि इतर अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या स्वतंत्रपणे देता येतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ आणि चालविण्यास १ असे मूल्य असून त्यांच्या बेरजेने एकेका वर्गाचा अंक तयार होतो. ६४४ या संख्येचा अर्थ असा, की मालकास वाचणे व लिहिणे, म्हणजे ४ अधिक २. गटास व इतरांस केवळ वाचणे. ७५५ म्हणजे मालकास सर्व अधिकार, उरलेल्यांस वाचणे व चालविणे. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. प्रणाली हे तीन वर्ग क्रमाने तपासते आणि लागू पडणाऱ्या पहिल्याच वर्गाचा अंक अंतिम मानते. लिहू पाहणारा स्वतः मालक असेल आणि मालकासच लिहिण्याची परवानगी नसेल, तर ‘इतरां’ना ती असूनही त्यास नकारच मिळतो. प्रशासकाचे ‘रूट’ खाते मात्र सर्वसाधारणपणे या तपासणीतून मुक्त असते.

नवी फाईल तयार होताना तिची परवानगी ‘यूमास्क’ या मूल्याने मर्यादित होते. हे मूल्य सामान्यतः ०२२ असते. त्यामुळे नवी फाईल ६४४ व नवे फोल्डर ७५५ असे जन्मास येते. म्हणजेच मालकाखेरीज कोणीही त्यात लिहू शकत नाही. बहुतेक परवानगी-त्रुटींचा उगम या साध्या वस्तुस्थितीत आहे.

लिहिणारा नेमका कोण?

संकेतस्थळाची आज्ञावली ज्याने लिहिली, तोच ती चालवितो, हा समज या प्रश्नातील सर्वांत मोठा गोंधळ होय. प्राध्यापक किंवा तंत्रसाहाय्यक आपल्या खात्यातून फाईली सर्व्हरवर चढवितात. त्या फाईलींचे मालक ते होतात. परंतु ब्राउझरमधून मागणी येते तेव्हा आज्ञावली चालविणारी प्रक्रिया वेगळ्याच खात्याची असते. डेबियन व उबुंटू प्रणालींत हे खाते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाचे असते, तर रेड हॅट परिवारात ‘अपाची’ या नावाचे. अपाची सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो. मात्र मागण्या हाताळणाऱ्या त्याच्या प्रक्रिया मुद्दाम या अल्पाधिकारी खात्यात उतरविल्या जातात. आज्ञावलीत दोष निघाला तरी हानी मर्यादित राहावी, हा त्यामागील हेतू आहे.

यावरून एक नेहमीचे कोडे उलगडते. तीच आज्ञावली टर्मिनलवर हाताने चालविली असता व्यवस्थित लिहिते, ब्राउझरमधून मात्र नकार मिळतो. दोन्ही वेळी आज्ञावली तीच असली तरी लिहिणारी व्यक्ती बदललेली असते.

अनेक महाविद्यालयीन प्रकल्प प्रथम विंडोजवरील झॅम्प या संचावर तयार होतात. तेथे सर्व्हर बहुधा संगणकावर बसलेल्या व्यक्तीच्याच खात्यात चालत असल्याने प्रश्न उद्भवत नाही. प्रकल्प लिनक्स सर्व्हरवर हलविताच तो प्रथम समोर येतो आणि ‘काल चालत होते, आज बिघडले’ असा भास होतो. वस्तुतः काही बिघडलेले नसते. आजवर न विचारलेला प्रश्न प्रणालीने प्रथमच विचारलेला असतो. विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवरही तत्त्व हेच आहे; तेथे अधिकार ॲप्लिकेशन पूलच्या खात्यास द्यावे लागतात.

फोल्डरच्या परवानगीचा वेगळा अर्थ

फाईलसाठी व फोल्डरसाठी परवानगीची चिन्हे सारखीच असली तरी अर्थ भिन्न आहेत. फोल्डरच्या बाबतीत वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे. लिहिणे म्हणजे आत नवी नावे जोडणे किंवा असलेली काढणे. आणि चालविणे म्हणजे त्या फोल्डरमधून पुढे जाण्याची मुभा. त्यामुळे नवी फाईल तयार करण्यासाठी फोल्डरवर लिहिण्याचा व पुढे जाण्याचा असे दोन्ही अधिकार लागतात. उलट, अस्तित्वात असलेल्या फाईलमध्ये भर घालण्यासाठी फाईलवर लिहिण्याचा व फोल्डरमधून जाण्याचा अधिकार पुरतो.

एसक्यूलाईट या एकाच फाईलमध्ये सामावणाऱ्या डेटाबेसबाबत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. डेटाबेसच्या फाईलला लिहिण्याची परवानगी दिलेली असते, तरीही नोंद होत नाही. कारण नोंद करताना एसक्यूलाईट त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल निर्माण करते आणि त्यासाठी फोल्डरवरही लिहिण्याचा अधिकार असावा लागतो.

मार्गातील प्रत्येक फोल्डरची तपासणी होते, हेही विसरता कामा नये. शेवटच्या फोल्डरला कितीही उदार परवानगी दिली, तरी वरच्या एखाद्या फोल्डरचे दार बंद असेल तर प्रवेश मिळत नाही. उबुंटूमध्ये आवृत्ती २१.०४ पासून, म्हणजे २०२१ पासून, नव्या वापरकर्त्याचे गृह-फोल्डर ७५० परवानगीने तयार होते. त्यामुळे गृह-फोल्डरात ठेवलेल्या संकेतस्थळाच्या फाईली वेब सर्व्हरला दिसेनाशा होतात. वाड्याच्या आतील खोलीला कुलूप नसले तरी दिंडीदरवाजा बंद असेल, तर खोलीपर्यंत पोहोचणार कसे, असाच हा प्रकार आहे.

त्रुटी शोधण्याचा क्रम

परवानग्या अंदाजाने बदलत बसण्यापेक्षा पुढील क्रम पाळल्यास कारण लवकर सापडते.

१. त्रुटीचा पूर्ण मजकूर वाचावा. प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर त्रुटी पडद्यावर दाखविणे बंद ठेवलेले असते व ते योग्यही आहे. म्हणून सर्व्हरची त्रुटी-नोंद उघडावी. ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे क्रमांक १३ ची त्रुटी, असेल तरच प्रश्न परवानगीचा आहे. क्रमांक २ ची त्रुटी फाईल वा फोल्डर अस्तित्वात नसल्याचे सांगते. मार्ग चुकला असेल किंवा विंडोजमध्ये न जाणवणारा लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक पडला असेल. क्रमांक २८ म्हणजे जागा संपली आणि क्रमांक ३० म्हणजे फाईलसंच केवळ वाचनासाठी जोडलेला आहे. या तिन्हींवर परवानगी बदलण्याचा काहीही उपयोग नाही.

२. लिहिणाऱ्याची ओळख पटवावी. चालू प्रक्रियांची यादी देणाऱ्या ‘पीएस’ या आज्ञेने वेब सर्व्हर अथवा पीएचपी-एफपीएम कोणत्या खात्यात चालत आहे ते कळते. ‘आयडी’ या आज्ञेने ते खाते कोणकोणत्या गटांत आहे हे कळते. खाते नुकतेच गटात घातले असेल तर सेवा पुन्हा सुरू करेपर्यंत नवे सदस्यत्व लागू होत नाही.

३. लिहिण्याचे नेमके ठिकाण निश्चित करावे. आज्ञावलीत सापेक्ष मार्ग दिलेला असेल, तर तो भलत्याच फोल्डरकडे निर्देश करीत असण्याची शक्यता असते. मुळापासूनचा पूर्ण मार्ग देणे केव्हाही श्रेयस्कर.

४. मार्गातील प्रत्येक पायरी तपासावी. ‘नेमआय’ ही आज्ञा लांब यादीच्या पर्यायासह दिली असता मुळापासून फाईलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचा मालक, गट व परवानगी एकाखाली एक दाखविते. अडलेले दार बहुधा येथेच दिसते.

५. लिहिणाऱ्याच्याच भूमिकेतून चाचणी घ्यावी. ‘सूडो’ आज्ञेच्या साहाय्याने वेब सर्व्हरच्या खात्यातून त्या फोल्डरात एक रिकामी फाईल तयार करून पाहावी. नकार आला तर कारण मालकी, गट किंवा परवानगी यांत आहे. चाचणी यशस्वी होऊनही ब्राउझरमधून नकार येत असेल, तर कारण त्यापलीकडच्या संरक्षक थरात आहे.

वरकरणी न दिसणारी कारणे

या पलीकडच्या थरांत एसई-लिनक्सचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ते खुले केले आणि २००३ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य गाभ्यात समाविष्ट झाले. रेड हॅट परिवारातील प्रणालींत ते आपोआप कार्यरत असते. येथे प्रत्येक फाईलवर एक प्रकारदर्शक खूण असते. वेब सर्व्हरने केवळ वाचावयाच्या आशयाची खूण वेगळी व त्याने लिहावयाच्या आशयाची वेगळी. खूण जुळली नाही, तर परवानगी ७७७ असूनही नकारच मिळतो. गृह-फोल्डरातून ‘हलविलेली’ फाईल आपली जुनी खूण सोबत घेऊन येते, तर ‘नक्कल केलेली’ फाईल सामान्यतः नव्या फोल्डराची खूण धारण करते. कित्येक न सुटणाऱ्या त्रुटींचे मूळ इतकेच असते. योग्य खुणेचा नियम नोंदवून ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा देणे हा त्यावरील उपाय होय. एसई-लिनक्स कायमचे बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.

याखेरीज सेवा चालविणाऱ्या सिस्टिमडी यंत्रणेने काही फोल्डर केवळ वाचनापुरते मर्यादित केलेले असू शकतात. पीएचपीच्या ‘ओपन बेसडिर’ या निर्बंधाने ठरावीक फोल्डरबाहेर जाण्यास मज्जाव केलेला असू शकतो. अशा वेळी त्रुटी-नोंदीत त्या निर्बंधाचा स्पष्ट उल्लेख असतो.

आणखी एक फसवा दोष खुद्द आज्ञावलीतच आढळतो. परवानगीची संख्या अष्टमान पद्धतीची असते आणि पीएचपीत ती आरंभी शून्य देऊनच लिहावी लागते. शून्य विसरून ६४४ लिहिल्यास ती दशमान संख्या मानली जाते. तिचे अष्टमान रूप १२०४ होते. परिणामी मालकास वाचण्याचा अधिकार राहत नाही, गटास काहीच राहत नाही आणि इतरांस मात्र वाचता येते, अशी विचित्र अवस्था निर्माण होते.

‘७७७’ हा उपाय का नव्हे?

फोल्डरला ७७७ परवानगी दिली की त्रुटी बहुधा नाहीशी होते, म्हणूनच हा उपाय लोकप्रिय झाला. परंतु येथे त्रुटीचे कारण शोधले जात नाही, केवळ पहारेकरी हटविला जातो. अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर नांदत असतील, तर शेजारच्या संकेतस्थळाच्या आज्ञावलीसही त्या फोल्डरात लिहिण्याचा मार्ग मोकळा होतो. विद्यार्थ्यांचे अभिप्राय वा गुण यांत कोणी फेरफार केला, तर तो कोणी केला हे सांगणे कठीण होते. फोल्डर संकेतस्थळाच्या सार्वजनिक भागात असेल, तर तेथे घुसविलेली आज्ञावली ब्राउझरमधून चालविणेही शक्य होते. संकेतस्थळ विद्रूप करण्याच्या प्रकारांमागे हा नेहमीचा मार्ग आहे.

कित्येकदा हा उपाय चालतही नाही. मार्गातील वरचे फोल्डर बंद असेल किंवा एसई-लिनक्सची खूण जुळत नसेल, तर ७७७ निरुपयोगी ठरते. अपाचीच्या ‘सूएक्झेक’ या सुविधेत तर आज्ञावलीवर किंवा ती ज्या फोल्डरात आहे त्यावर इतरांना लिहिण्याची परवानगी असल्यास ती आज्ञावली चालविण्यासच नकार दिला जातो. म्हणजे जो उपाय म्हणून केला, तोच नवी त्रुटी निर्माण करतो.

योग्य रचना

किमान अधिकाराच्या तत्त्वानुसार पुढील रचना सुचविता येते. प्रथम, आज्ञावली आणि माहिती यांची फारकत करावी. आज्ञावलीच्या फाईलींचे मालक तंत्रसाहाय्यक असावेत आणि वेब सर्व्हरला त्या केवळ वाचता याव्यात. स्वतःचीच आज्ञावली बदलण्याचा अधिकार त्यास कदापि नसावा. दुसरे, माहितीसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवावे व तेही सार्वजनिक भागाच्या बाहेर, जेणेकरून ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून कोणास ती फाईल उतरवून घेता येणार नाही. तिसरे, या एकाच फोल्डरचा गट वेब सर्व्हरचा करून त्यास २७७० परवानगी द्यावी. आरंभीच्या २ या अंकामुळे आत निर्माण होणारी प्रत्येक फाईल त्याच गटाची होते. प्रक्रियेचा यूमास्क ००७ ठेवल्यास नव्या फाईली ६६० परवानगीच्या होतात आणि त्या गटात समाविष्ट असलेला तंत्रसाहाय्यक व वेब सर्व्हर असे दोघेही त्या हाताळू शकतात. इतरांना दार बंद राहते. अधिक सूक्ष्म वाटणी हवी असल्यास ‘सेटफॅकल’ या आज्ञेने विशिष्ट खात्यास विशिष्ट अधिकार देता येतो.

विद्यार्थ्यांकडून फाईली स्वीकारल्या जात असतील, तर त्या फोल्डरात कोणतीही आज्ञावली चालणार नाही अशी तरतूद सर्व्हरच्या मांडणीत करावी. लिहिणे आणि चालविणे हे दोन अधिकार एकाच ठिकाणी एकत्र येऊ न देणे, हे या रचनेचे मर्म आहे.

आज्ञावलीचे उत्तरदायित्व

परवानगी सुधारली तरी प्रस्तावनेतील प्रश्न अर्धाच सुटतो. पीएचपीतील फाईलमध्ये मजकूर लिहिणारे कार्य अयशस्वी झाल्यास ‘असत्य’ हे मूल्य परत देते, आणि ते तपासणे आज्ञावलीकाराचे कर्तव्य आहे. लिहिणे यशस्वी झाल्याची खात्री पटल्यावरच आभाराचे वाक्य दाखवावे. अन्यथा अर्ज नोंदविला गेला नाही हे स्पष्टपणे सांगावे आणि त्रुटीची नोंद करावी. फाईल लिहिण्यायोग्य आहे का, हे आधी तपासणे उपयुक्त असले तरी पुरेसे नाही. तपासणी व प्रत्यक्ष लिखाण यांच्या दरम्यान स्थिती बदलू शकते. एकाच वेळी अनेक विद्यार्थी अर्ज भरीत असतील, तर लिहिताना फाईलला कुलूप घालण्याचा पर्याय वापरावा, म्हणजे नोंदी एकमेकींत मिसळणार नाहीत.

या कर्तव्यास आता कायद्याचाही संदर्भ आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती बाळगणाऱ्यांनी वाजवी सुरक्षा उपाय योजावेत असे म्हटले असून, त्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक व गुण असलेली फाईल सर्वांसाठी खुली ठेवणे ही त्यामुळे केवळ तांत्रिक हयगय म्हणता येणार नाही.

समारोप

परवानगीची त्रुटी हा प्रणालीचा आडमुठेपणा नसून तो तिने विचारलेला प्रश्न आहे. कोण लिहीत आहे, कोठे लिहीत आहे आणि त्यास किती अधिकार पुरेसा आहे, एवढेच ती विचारते. त्रुटी-नोंद वाचणे, लिहिणारे खाते ओळखणे, मार्गातील प्रत्येक पायरी पाहणे आणि त्याच खात्यातून चाचणी घेणे या क्रमाने गेल्यास बहुतेक प्रकरणांत थोड्याच वेळात उत्तर मिळते. संकेतस्थळ समितीने प्रत्येक अर्जाच्या उद्घाटनापूर्वी तो एकदा स्वतः भरावा आणि भरलेली नोंद फाईलमध्ये प्रत्यक्ष उमटली की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. या साध्या शिस्तीला कोणताही खर्च नाही. मात्र तिच्या अभावी गेलेले अभिप्राय कोणत्याही खर्चाने परत येत नाहीत.